विश्लेषण : ब्रिटनमध्ये मोफत उपचार कसे सुरू झाले? खाणीतून मंत्रिपदापर्यंत गेलेल्या बेव्हन यांची गोष्ट

गंभीर आजार झाला तर उपचाराचे पैसे कोणी द्यायचे? एकट्या रुग्णाने की सगळ्यांनी मिळून? ब्रिटनने 5 जुलै 1948 रोजी याचं उत्तर दिलं. त्या दिवशी ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’ म्हणजेच एनएचएस सुरू झाली. ती उभी करणारे आरोग्यमंत्री होते अनायरिन बेव्हन.

बेव्हन कोण होते?

जन्म 1897 चा, वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणकामगारांच्या गावातला. तेराव्या वर्षी शाळा सोडून ते कोळसा खाणीत उतरले. वडीलही खाणकामगार. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन 1925 मध्ये ते गेले. हा आजार तेव्हा नुकसानभरपाईच्या यादीत नव्हता. कुटुंबाला काहीच मिळालं नाही.

कल्पना कुठून आली?

गावातूनच. ट्रेडेगरचे कामगार पगारातल्या दर पौंडामागे 3 पेन्स ‘मेडिकल एड सोसायटी’ला देत. तेव्हा पौंडाचे 240 पेन्स होत, म्हणजे पगाराचा सव्वा टक्का. त्यातून डॉक्टर नेमले जात आणि घरच्यांवरही उपचार होत. देशात इतरत्र 1911 च्या कायद्याने कामगाराला विमा होता. बायको-मुलं त्याबाहेर होती. रुग्णालयाचा खर्चही सहसा त्यात बसत नसे.

मंत्री झाल्यावर काय केलं?

बेव्हन 1929 मध्ये खासदार आणि 1945 मध्ये आरोग्यमंत्री झाले. 1946 च्या कायद्याने धर्मादाय आणि पालिकांची रुग्णालयं सरकारकडे आली. खर्च मुख्यतः करातून भागवायचं ठरलं. प्रत्येकाने धडधाकट असताना कमाईप्रमाणे भरायचं आणि आजारी पडल्यावर गरजेप्रमाणे उपचार घ्यायचे, असं हे गणित होतं.

विरोध कोणाचा होता?

डॉक्टरांचा. फेब्रुवारी 1948 मधल्या त्यांच्या संघटनेच्या मतदानात सुमारे 90 टक्के मतं विरोधात गेली. बेव्हन यांनी तडजोड केली. तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिसची मुभा दिली, सरकारी रुग्णालयांत पैसे भरून मिळणाऱ्या काही खाटाही ठेवल्या. त्यामुळे योजना ठरलेल्या दिवशी सुरू झाली, पण पैसेवाल्यांसाठी वेगळी वाटही राहिली.

मग राजीनामा का दिला?

चष्मे आणि कवळ्यांची मागणी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाली. त्यात कोरियन युद्धामुळे संरक्षण खर्च वाढला. एप्रिल 1951 च्या अर्थसंकल्पात कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लागलं. तेव्हा कामगारमंत्री असलेल्या बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. रक्कम लहान होती, पण मोफत उपचाराच्या तत्त्वालाच त्यामुळे तडा जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी औषधाच्या चिठ्ठीवरही शुल्क आलं.

6 जुलै 1960 रोजी, एनएचएसला 12 वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, पोटाच्या कर्करोगाने बेव्हन यांचं निधन झालं. त्यांच्या वेल्सने औषधाच्या चिठ्ठीवरचं शुल्क 2007 मध्ये रद्द केलं. इंग्लंडमध्ये मात्र अनेकांना ते आजही भरावं लागतं.