विश्लेषण : ‘अलबेला’च्या ठेक्यामागचे चिक चॉकलेट कोण होते?

भगवानदादांच्या ‘अलबेला’तील (१९५१) गाण्यांवर आजही वरातीत पाय थिरकतात. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे सहायक चिक चॉकलेट मात्र विस्मरणात गेले.

कोण होते चिक?

मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातील हळदोणे. ट्रम्पेटवर हुकमत, आदर्श लुई आर्मस्ट्राँग. १९४०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा जॅझ बँड गाजला. पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली, तेव्हा हॉटेलांत वाजवणाऱ्या अनेकांना सिनेमाच्या स्टुडिओंचाच आधार उरला.

हा ठेका आला कुठून?

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून क्युबात नेलेल्या योरूबा लोकांनी आपली दैवते ख्रिस्ती संतांच्या नावांआड जपली. नर्सी नामदेवच्या दिंडीतला पखवाज जसा देवासाठी वाजतो आणि पाय नाचवतो, तसाच त्यांचा बाटा ढोल. कांगो भागातून आणलेल्या लोकांचे तालही क्युबात रुजले आणि रुंबासारखी नृत्ये घडली. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला डिझी गिलेस्पी यांनी क्युबन ढोलवादक चानो पोझो यांना आपल्या जॅझ बँडमध्ये घेतले. लंडनमध्ये त्रिनिदादचे एडमंडो रॉस असेच ताल वाजवत. त्यांच्या एका गाण्यावर ‘समाधी’तले (१९५०) ‘गोरे गोरे’ बेतले गेले. दैवते वाटेतच राहिली, मुंबईला पोचला तो नुसता ठेका.

चिक यांचे काम काय?

चाल सी. रामचंद्र यांची. पण कोणत्या जागी ट्रम्पेट, कुठे सॅक्सोफोन, कुठे व्हायोलिन, हे वाद्यवृंदासाठी स्वरलिपीत उतरवणे म्हणजे अरेंजिंग. गोव्यातल्या वादकांना ही लिपी चर्चच्या शाळांतून अवगत असे, इथल्या बहुतेक संगीतकारांना नसे. ‘शोला जो भडके’तला बोंगो नव्याने कानी पडला तो याच जोडीमुळे. ‘अलबेला’त झालरीच्या बाह्यांचे क्युबन सदरे घातलेला बँड दिसतो, तो चिक यांचाच. श्रेय मात्र सहायकापुरते. अरेंजरची चालीइतकी दखल घ्यायची पद्धतच तेव्हा नव्हती, आणि ते अन्यायाचेच होते.

स्वतंत्र काम मिळाले का?

थोडे. ‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) हे त्यांचे चित्रपट. ‘नादान’मधले एक गाणे रसिक अजून ऐकतात, पण तलत महमूद यांचे म्हणून. पुढे मदन मोहन यांच्याकडेही ते सहायकच होते. १९६७ मध्ये, पन्नाशीच्या आसपास, त्यांचे निधन झाले.