विल्यम लॅम्ब्टन

विल्यम लॅम्ब्टन (जन्म: इ.स. १७५३ ते १७५६ च्या दरम्यान, यॉर्कशायर, इंग्लंड, मृत्यू: २० जानेवारी १८२३, हिंगणघाट, जिल्हा वर्धा) हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी व भूमापनतज्ज्ञ होते. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया त्यांनी घातला. अनोळखी भूमीवर आपण नेमके कोठे आहोत, हे चाकाच्या फेऱ्यांवर न विसंबता कोनांवरून ठरवण्याची पद्धत त्यांनी येथे काटेकोरपणे राबवली. मंगळावरील रोव्हरचा मार्ग नकाशावर मांडणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो.

पूर्वायुष्य

सामान्य शेतकरी कुटुंबात जन्मलेले लॅम्ब्टन १७८१ मध्ये सैन्यात दाखल झाले. अमेरिकेतील युद्धात ते यॉर्कटाउन येथे कैद झाले आणि पुढे अनेक वर्षे कॅनडातील न्यू ब्रन्सविक येथे राहिले. तेथे सूर्यग्रहण पाहताना त्यांचा एक डोळा अधू झाला, असे सांगितले जाते. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत, रात्रीच्या कूचीत तुकडी चुकीच्या दिशेने चालल्याचे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले.

त्रिकोणांची साखळी

त्या काळी रस्त्यांचे नकाशे दांड्याला जोडलेले चाक फिरवून, त्याच्या फेऱ्या मोजून केले जात. खडबडीत वाटेवर ही चूक मैलामैलाने साचत जाई. लॅम्ब्टन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. पोलादी साखळी उन्हाने प्रसरण पावते, म्हणून प्रत्येक मोजणीबरोबर तापमानाचीही नोंद होई. एक बाजू अचूक कळली की पुढील त्रिकोणांच्या बाजू केवळ कोन मोजून काढता येतात. मद्रासमधील काही अधिकाऱ्यांना हा खर्च वायफळ वाटत होता. पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोण पोहोचले, तेव्हा द्वीपकल्पाची रुंदी प्रचलित नकाशांपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी निघाली.

मंगळावर ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरने २००४ ते २०१८ या काळात ४५ किलोमीटरहून अधिक अंतर कापले. वाळूत चाक घसरले की फेऱ्यांवरून काढलेले अंतर तेथेही खोटे ठरते. म्हणून एकाच खडकाची वा टेकडीची निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेली छायाचित्रे ताडून, कक्षेतून टिपलेल्या छायाचित्रांशी त्यांचा मेळ घालून स्थान निश्चित केले जाते. लॅम्ब्टन यांच्या टेकडीवर मात्र झेंडा रोवायला माणसालाच चढावे लागे.

त्यांचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आदळला व त्याचे कोन मोजण्याचे वर्तुळ वाकले. दुसरे यंत्र इंग्लंडहून येण्यास वर्षे लागली असती. लॅम्ब्टन सुमारे सहा आठवडे तंबूत बसून राहिले आणि त्यांनी ते वर्तुळ स्वतःच्या हातांनी पूर्ववत केले. त्यांच्या चिकाटीचा याहून बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

मराठवाडा व वऱ्हाड

१८१५ मध्ये बिदर येथे आधाररेषा मोजल्यावर कन्याकुमारीकडून आलेला रेखावृत्ताचा चाप निजामाच्या राज्यातून उत्तरेकडे सरकू लागला. ही रेषा आजच्या नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागातून वऱ्हाडात जाते. परभणी, गंगाखेड, राणीसावरगाव हा टापू तिच्या पश्चिमेला राहतो. १ जानेवारी १८१८ पासून हे काम गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत आले आणि जॉर्ज एव्हरेस्ट यांची साहाय्यक म्हणून नेमणूक झाली. दूरच्या खुणा दिसण्यासाठी पावसाने धुतलेली स्वच्छ हवा लागे, आणि तोच काळ हिवतापाचा असे. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मधल्या रानात एव्हरेस्ट यांच्या तुकडीत तापाची साथ पसरली व काही माणसे दगावली. नकाशांच्या इतिहासात खलाशांची व पताकावाल्यांची नावे फारशी आढळत नाहीत. १८२२ मध्ये अचलपूरच्या परिसरातील आधाररेषा पूर्ण झाली.

मृत्यू व नंतर

हैदराबादहून नागपूरकडे जात असताना हिंगणघाटच्या मुक्कामी लॅम्ब्टन यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. सुमारे १,६५,००० चौरस मैलांचा प्रदेश तोवर त्रिकोणांनी व्यापला होता. एव्हरेस्ट त्यांच्या जागी आले आणि त्यांनी अधिक चांगल्या यंत्रांनी बरेच काम पुन्हा तपासले. बिदरची आधाररेषा १८४१ मध्ये नव्याने मोजली गेली. १८६५ मध्ये सर्वोच्च शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्ट यांचे. एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानात लॅम्ब्टन यांच्या चापाची मोजमापे आहेत, आणि भारताचे नकाशे पुढे दीर्घकाळ त्यावरच बेतलेले होते.