पॉल लांगरहान्स

इन्शुलिनचे नाव ज्याच्या कानावर आले नाही असा मनुष्य आज विरळा. परंतु शरीरातील ज्या सूक्ष्म पेशीपुंजांतून ते स्रवते, ते पुंज प्रथम पाहणाऱ्या पॉल लांगरहान्स यांचे चरित्र फारच थोड्यांना ठाऊक असेल.

लांगरहान्स यांचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी बर्लिन येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. वैद्यकाचे अध्ययन करीत असतानाच, फिरखो या विख्यात रोगशास्त्रज्ञाच्या सहवासात, त्यांना सूक्ष्मदर्शकाचा छंद जडला. १८६९ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी स्वादुपिंडाच्या रचनेवर प्रबंध सादर केला. सशाचे स्वादुपिंड तपासताना पाचकरस निर्माण करणाऱ्या पेशींच्या दाटीत निराळ्याच पेशींचे लहान लहान पुंजके त्यांना आढळले. त्यांचे कार्य मात्र उमगले नाही. आणि तसे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले.

पुढे फ्रायबुर्ग येथे अध्यापन करीत असता १८७४ मध्ये त्यांना क्षयाने गाठले. आपल्याकडे मिरजेजवळच्या वानलेसवाडीस क्षयरोगी हवापालटासाठी जात, तसे ते अटलांटिक महासागरातील मदीरा बेटावर गेले. प्राध्यापकपद सुटले, जिज्ञासा सुटली नाही. तेथे त्यांनी रुग्णसेवा केली, सागरी कृमींचा अभ्यास केला आणि कृमींच्या एका नव्या प्रजातीला आपल्या गुरूचे, फिरखोचे, नाव दिले. २० जुलै १८८८ रोजी, एकेचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर आला असता, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे त्याच बेटावर निधन झाले.

दुसऱ्याच वर्षी, स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो, असे मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी दाखविले. १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजांना ‘लांगरहान्सची द्वीपके’ हे नाव दिले. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे एका चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले, आणि मृत्यूच्या दारातून मुले परत येऊ लागली.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक शक्तीच द्वीपकांतील इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशींचा नाश करते. म्हणून मृत दात्याची द्वीपके रोग्याच्या यकृतात सोडण्याचा उपाय निघाला. २००० साली कॅनडातील एडमंटन येथील डॉक्टरांनी अशा सात रोग्यांना इन्शुलिनच्या सुईपासून मुक्त केल्याचे प्रसिद्ध केले. मात्र परकी द्वीपके टिकावीत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. शिवाय अशा रोग्यांपैकी अनेकांना काही वर्षांनी पुन्हा इन्शुलिन घ्यावे लागले. संशोधन अद्याप चालूच आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शेजारच्या बाकावरही नित्य सुई टोचून घेणारा एखादा सोबती असू शकेल. त्याचे जगणे ज्या ज्ञानावर उभे आहे, त्याचा पाया एका विद्यार्थ्याने घातला. जे दिसले ते त्याने नेमके लिहिले, जे कळले नाही ते लपविले नाही. फळ पाहण्यास तो उरला नाही. परंतु पुढच्यांना वाट सापडली.