व्यासपीठाऐवजी मैदान

आपली मुले शाळेच्या पटांगणात बास्केटबॉल खेळतात. तो खेळ पाळकपणासाठी शिकलेल्या एका तरुणाने निर्माण केला, हे आपणांस ठाऊक आहे काय?

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म १८६१ साली कॅनडात झाला. बालपणीच आईवडील निवर्तले. मॉन्ट्रियल येथे ईश्वरज्ञानाचे शिक्षण पूर्ण करूनही ते मंडळीच्या सेवेऐवजी अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या लहानशा प्रशिक्षण विद्यालयात गेले. बहिणीला हे मुळीच रुचले नाही. तेथे अध्ययन व व्यायाम एकत्र चाले. डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्याला कंटाळलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या व तेरा नियम लिहिले. ढकलणे, पाडणे निषिद्ध ठरले. बळाला संयमाची जोड मिळाली.

त्याच विद्यालयात शिकलेले एच. सी. बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापिले. नेस्मिथ १९३९ मध्ये प्रभूमध्ये निजले.

वाचकहो, मुलाच्या हाती पुस्तकाबरोबर चेंडू दिसला, तर रागावण्यापूर्वी क्षणभर थांबा. पाचारण व्यासपीठावरचेच असते असे नाही.