बेब झहारियस : दुखणे न लपविणारी खेळाडू

जून महिना लागला की क्यूरपीप, वाक्वाकडे पावसाची झिमझिम आणि गार वारे सुरू होतात. अशा दिवसांत आजारी माणूस घरातच बसतो. मग ज्याच्या पोटावर शस्त्रक्रियेनंतर मलाची पिशवी लागली आहे, त्याने तर चारचौघांत जाणे सोडलेलेच असते. अशा माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी बेब झहारियस या अमेरिकन स्त्रीचे चरित्र जरूर जाणून घ्यावे.

बेबबाईंचा जन्म २६ जून १९११ रोजी टेक्सास राज्यातील पोर्ट आर्थर येथे झाला. मूळ नाव मिल्ड्रेड डिड्रिकसन. आईवडील समुद्र ओलांडून नॉर्वेहून आलेले. वडील सुतारकाम करीत. घरी मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा. पण या मुलीला खेळाचे वेड होते. १९३२ च्या राष्ट्रीय मैदानी सामन्यांत एका कंपनीच्या संघातर्फे ती एकटीच उतरली आणि ३० गुण मिळवून पहिली आली. दुसऱ्या आलेल्या संघात २२ मुली होत्या! त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये तिने भालाफेक व ८० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्णपदके आणि उंच उडीत रौप्यपदक जिंकले.

१९३८ साली कुस्तीगीर जॉर्ज झहारियस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याआधीच त्या गोल्फकडे वळल्या होत्या. १९४७ साली स्कॉटलंडमधील गलन येथे ब्रिटिश महिलांची हौशी स्पर्धा त्यांनी जिंकली. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री होत. तेथील गार हवेत गावकऱ्यांनी त्यांना ऊबदार कपडे आणून दिले आणि ते घालून त्या आनंदाने खेळल्या.

एप्रिल १९५३ मध्ये आतड्याच्या शेवटच्या भागाला कर्करोग झाल्याचे निदान झाले. बोमाँट येथील इस्पितळात तो भाग काढून टाकण्यात आला, आणि मल बाहेर पडण्यासाठी पोटावर नवे द्वार करण्यात आले. या शस्त्रक्रियेला कोलोस्टोमी व त्या द्वाराला स्टोमा म्हणतात. मोठ्या स्पर्धांत त्या पुन्हा खेळतील, असे डॉक्टरांना वाटत नव्हते. रोग आणखी पसरला आहे हे पतीला आणि बेटी डॉड या तरुण मैत्रिणीला सांगण्यात आले. बेबबाईंपासून मात्र ते लपविले गेले. बेटी इस्पितळात त्यांच्याच खोलीत झोपत आणि स्टोमाची निगा राखण्यास मदत करीत.

चार महिन्यांच्या आत, ऑगस्टमध्ये, बेबबाई शिकागोच्या स्पर्धेत उतरल्या. शस्त्रक्रियेनंतरचा पहिलाच हिवाळा त्यांनी फ्लॉरिडातील उबदार हवेत स्पर्धा खेळत काढला आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये मायामीची स्पर्धा जिंकली. जुलैमध्ये अमेरिकन महिलांची खुली स्पर्धा होती. शेवटच्या दिवशी ३६ होल खेळायचे होते. वाक्वाच्या जिमखान्याचे मैदान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही चाल किती मोठी ते कळेल. पोटावर स्टोमा असताना त्या १२ फटक्यांच्या फरकाने जिंकल्या.

विशेष म्हणजे त्यांनी हे दुखणे लपविले नाही. कर्करोग हा शब्द लोक कुजबुजत उच्चारीत, त्या काळी त्या आपल्या शस्त्रक्रियेविषयी उघडपणे बोलल्या, म्हणून कित्येक रोग्यांना धीर आला.

त्या वेळेपेक्षा आजची साधने फार सोयीची आहेत. थंडीत थोडी काळजी घेतली की पुरे. पिशवीची चिकट चकती गारठ्याने कडक होते. लावण्यापूर्वी ती दोन्ही तळहातांत धरून कोमट करावी. तिच्याखालच्या त्वचेवर तेल किंवा मलम चोळू नये, नाहीतर ती निसटते. आत सुती व वर लोकरीचा सैल कपडा घालावा. स्टोमावर घट्ट पट्टा आवळू नये. स्टोमाला भाजल्याचे कळत नाही, म्हणून त्यावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहावे. लहान आतड्याचा स्टोमा असलेल्यांनी तर विशेषच. बाहेर जाताना एक जादा पिशवी जवळ असावी.

१९५५ साली रोग उलटला. २७ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, गॅल्व्हस्टन येथे बेबबाईंचे निधन झाले. शस्त्रक्रियेने त्यांना सुमारे साडेतीन वर्षेच मिळाली. पण ती त्यांनी बंद खोलीत काढली नाहीत. आपल्या नात्यात, शेजारी कोणाला अशी पिशवी लागली असेल तर त्याला लग्नकार्याला, गणेशोत्सवाला अगत्याने बोलवावे, आणि शेजारी बसवून घ्यावे. पिशवी त्याला घरात कोंडीत नाही. आपली कुजबुज कोंडते.