पत्र्याच्या वाघिणी

जर्मनीत खेळण्यातली आगगाडी म्हटली की मेर्क्लिन हे नाव निघतेच. या घराण्याची हकीकत सांगताना थिओडोर मेर्क्लिन यांच्यापासून आरंभ करतात आणि पुष्कळदा एका दमात त्यांच्या मुलांपर्यंत येऊन पोचतात. मधली बावीस वर्षे दोन ओळींत आटोपतात. ती वर्षे थिओडोर यांच्या पत्नीची, कॅरोलीन यांची होती. मला लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी. जर्मन रीत काय असेल ती असो, मी त्यांना कॅरोलीनबाई म्हणणार.

थिओडोर हे पत्र्याचे कारागीर. तेव्हाच्या व्युर्टेंबर्ग राज्यात ग्योपिंगेन या गावी त्यांचा धंदा होता. १८५९ मध्ये कॅरोलीनबाईंशी त्यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी रंगवलेल्या पत्र्याची भातुकली करायला त्यांनी सुरुवात केली. चुली, भांडी, बाहुल्यांची स्वयंपाकघरे असा तो माल. थिओडोर माल घडवीत. तो खपवण्याचे काम बाईंनी अंगावर घेतले. दक्षिण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये त्या व्यापाऱ्यांकडे फिरत, माल दाखवीत, मागणी नोंदवून आणीत. बाईमाणसाने असा फिरता व्यापार करणे त्या काळी तिकडेही नवलाचेच होते.

१८६६ मध्ये थिओडोर वारले. मुलगा यूजेन तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. बाईंनी धंदा मोडला नाही. १८६८ मध्ये त्यांनी दुसरे लग्न केले, तरी कारखान्याची काळजी त्यांच्याच माथी राहिली. मोठी भरभराट झाली असे नव्हे. दुकान चालू राहिले, एवढेच. पण ते चालू राहिले म्हणून १८८८ मध्ये मुलांना हाती घेता आले. मुलांनी नाव दिले ‘मेर्क्लिन बंधू’. हे वाचले तेव्हा मला आमचा गडावरचा गाडा आठवला. वडील गेल्यापासून पन्हाळ्यावर येणाऱ्या पाहुण्यांना आई झुणका-भाकर करून घालते. गाड्यावर नाव मात्र माझ्या धाकट्या भावाचे रंगवले आहे. तो आता नववीत आहे.

भातुकलीचे एक मर्म बाई जाणून असणार. ती एकदा घेऊन संपत नाही. आज चूल घेतली की पुढल्या नाताळात पातेली हवीत, त्यानंतर कपाट. १८९१ मध्ये लायप्झिगच्या जत्रेत मेर्क्लिन बंधूंनी किल्लीची आगगाडी मांडली, तिच्यामागेही हीच युक्ती होती. रुळांची रुंदी ठरवून तिला क्रमांक दिले. म्हणजे नवा डबा, नवा रूळ केव्हाही जुन्याला जोडावा. पुढे इतर कारखानदारांनीही ती मापे उचलली. योगायोग असा की त्याच १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. खेळण्यांच्या रुळांची मापे तिकडे ठरत होती, तेव्हा आपल्याकडे खरे रूळ नुकतेच येत होते. बाई १८९३ मध्ये वारल्या. आगगाडी त्यांच्या हयातीत निघाली. तिचा जगभर झालेला बोलबाला त्यांच्यामागे.

या घराण्याचे नाव मला कळले ते कोल्हापुरातील एका सेवानिवृत्त अभियंत्यांकडे. ते काही वर्षे जर्मनीत होते. त्यांच्या टेबलावर मालगाडीच्या दोन वाघिणी होत्या. (‘वॅगन’ची वाघीण ज्याने केली त्याला माझा नमस्कार. लहानपणी मला वाटे, मिरजेहून खरोखरच वाघिणी येतात.) एक युद्धापूर्वीची, पत्र्याची, दुसरी अलीकडची, प्लॅस्टिकची. दोन्ही जर्मनीतल्या दोन चाकजोड्यांच्या बंद वाघिणीच्या प्रतिकृती. तसल्या वाघिणी तिथे १९१० पासून लाखाच्या वर बांधल्या गेल्या. त्यांची लांबी सुमारे साडेनऊ मीटर.

मी पट्टी मागून घेतली. नवी १:८७ या प्रमाणातली, म्हणजे ११ सेंटिमीटर भरायला हवी, तेवढीच भरली. पत्र्याची १:४५ धरली तर २१ सेंटिमीटर हवी, भरली साडेसोळा. ही काही कारागिराची चूक नव्हे. घरातल्या जमिनीवर मांडायचे रूळ लहानशा वर्तुळाचे. लांब डबा वळणावर बाहेर झुकतो. म्हणून तो आखूड केलेला. तिच्यावरच्या फळ्या नि खिळे नुसते छापलेले, चाके जाड. नवीच्या फळ्यांना खाचा आहेत, पायऱ्या वेगळ्या बसवलेल्या आहेत, वजनाचे आकडे भिंगातून वाचता येतात. टोकाला ब्रेक फिरवणाऱ्या माणसाची खोली आहे. थंडीवाऱ्यात तो बिचारा एवढ्याशा जागेत बसे, हे मला नवी वाघीण पाहूनच कळले. इतिहास शिकायचा तर नवीच हवी, यात वाद नाही.

तरी मन जुनीवर बसले. तिचे दार सरकते. ते सरकवून मी आत भुईमुगाच्या चार शेंगा भरल्या, दार लावले आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती ढकलत नेली. साहेब हसले. मग मी नवीचे दार सरकवायला गेले, तर त्यांनी घाईने माझा हात धरला. ते दार भिंतीला एकसंध ओतलेले आहे, ओढले तर मोडेल, असे ते म्हणाले.