रमाबाईंचे रोजचे शास्त्रवाचन

ख्रिस्ती समाजात राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा काळ उपवासाचा मानला जातो. रविवार वगळता हे चाळीस दिवस होतात. या दिवसांत नित्य शास्त्रवाचन करावे, असाही जुना आग्रह आहे. उपवास त्या मानाने सोपा. वाचलेले समजणे मात्र कठीण. या कठीण बाजूसाठी पंडिता रमाबाईंनी जे कष्ट उपसले, त्यांची पुरेशी दखल मराठी समाजाने घेतलेली नाही.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थक्षेत्रांत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि त्यांचे कुटुंब देवळांत पुराणे वाचीत असे. ग्रंथ संस्कृतात, श्रोत्यांपैकी बहुतेकांना ती भाषा अगम्य. पण कानांवर पडल्यानेच पुण्य लाभते, अशी सर्वांची श्रद्धा. १८७४च्या सुमारास दुष्काळाच्या हालअपेष्टांत आईवडील गेले. न समजता ऐकलेल्या शब्दांविषयीची रमाबाईंची अस्वस्थता तेव्हापासूनची असावी.

१८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. पुढे सदन पुण्यास आल्यावर त्या आपल्या खोलीत बायबल वाचीत व प्रार्थना करीत. दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. त्या उघड्या दारावरून वादळ उठले. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले. संस्थेच्या धर्मनिरपेक्षतेचा शब्द लोकांना दिलेला होता, हे पाहता त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. रमाबाईंनी मात्र दार लावून घेतले नाही.

दुष्काळात आणलेल्या शेकडो मुली व विधवा केडगावच्या मुक्तिसदनात आल्या, तेव्हा प्रश्न निराळा झाला. यांतील अनेकींना अक्षरओळख येथेच झाली. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा अशा वाचकांना जड जाई. शिवाय त्यातील काही शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ बरोबर घेऊन येतात, असे रमाबाईंचे मत होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मूळावरून सोप्या मराठीत भाषांतर आरंभिले. जिने अवघ्या विशीत संस्कृत पांडित्याने कलकत्ता जिंकली होती, तिने संस्कृत शब्द हेतुपुरस्सर बाजूस सारावेत, हा त्याग लहान नव्हे. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. खिळे जुळविणे, छापणे, बांधणी ही कामे सदनातील स्त्रियाच करीत. ज्यांच्यासाठी ग्रंथ, त्यांच्याच हातांनी तो घडत होता.

जुलै १९२१मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. प्रकृती खालावली असतानाही रमाबाई मुद्रिते तपासीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी, उपवासकाळातच, त्यांचे निधन झाले. ईस्टरला अकरा दिवस उरले होते. संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले.